डोकं हातात, बोल्ट इंजिनात: तुटलेला बोल्ट काढताना कुठून सुरुवात करायची

पाना अचानक हलका झाला, 'टक्' असा आवाज आला आणि बोल्टचं डोकं सॉकेटमध्ये राहिलं, तर निदानाची गरजच नाही. पण बऱ्याचदा दुचाकीचा बोल्ट कधीच तुटलेला असतो आणि गाडी तशीच पळत असते. तेव्हा ही लक्षणं बघा:

- सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर हेडजवळून फट-फट आवाज येतो, तापल्यावर तो कमी होतो. बेंड पाइपच्या, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीच्या, फ्लँजभोवती काळी काजळी दिसते.
- क्लच कव्हर किंवा मॅग्नेट कव्हरच्या एकाच कोपऱ्यातून ऑइल पाझरतं. पॅकिंग बदललं तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.
- बोल्टचं डोकं जागेवर दिसतं, पण बोटाने हलतं.
- सोडवताना बोल्ट 'कट्' करून सुटत नाही. रबर पिळल्यासारखा फिरतो आणि हात सोडला की थोडा मागे येतो.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात मोलाचं. बोल्ट अजून तुटलेला नाही, पण आट्यांत धरून बसलाय आणि फक्त डोकं पिळलं जातंय. इथे हात थांबवलात तर पुढचा अर्धा लेख वाचायची वेळच येणार नाही. निरोगी बोल्ट सुटताना आवाज करतो. आवाज नाही आणि पाना फिरतोय, म्हणजे काहीतरी पिळलं जातंय.

मी रत्नागिरीत राहतो. घराच्या पडवीत हत्यारं मांडलेली असतात, त्यामुळे आळीतल्या गाड्या आपोआप इथे येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच "काका, जरासाच फिरवला हो" या वाक्यासकट येतात. इथे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे हे दुखणं जास्त. पण पुण्या-नागपुरातही वेगळं काही घडत नाही, फक्त वेळ जास्त लागतो. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचं भोक आणि मधे ओलावा, एवढ्यावर एक बारीकशी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांच्या फटीत ठासून बसते. असा निघालेला बोल्ट हातात घेऊन बघा. वरचे तीन-चार आटे तांबूस, मधले पांढऱ्या लगद्याने लिंपलेले आणि टोकाचे बहुतेक नव्यासारखे चकचकीत. म्हणजे धरलेलं असतं ते फक्त वरच्या काही मिलिमीटरांत. तेल पोचवायचं तेही तिथपर्यंतच.

कसा तुटला, हे आधी ठरवा

हत्याराला हात लावण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण पुढचा सगळा रस्ता यावरच ठरतो.

आवळताना तुटला असेल तर जीव भांड्यात पडू द्या. डोकं गेलं की बोल्टवरचा ताणही गेला. आत राहिलेला तुकडा आट्यांत नुसता उभा असतो, त्याला कोणी धरलेलं नसतं. अपवाद एकच. भोक तळाशी बंद असेल आणि चुकून लांब बोल्ट घातला गेला असेल, तर तो तळाला टेकून तुटतो आणि तिथे अडकून राहतो.

गाडी चालताना तुटला असेल तर तो बहुधा थरथरीने थकून गेलेला असतो. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत, जुना, काळपट दिसतो आणि उरलेला खडबडीत, ताजा. हाही सहसा फारसा त्रास देत नाही.

सोडवताना तुटला असेल तर मात्र खरं काम आहे. ज्या ताकदीने डोकं तुटलं त्याच ताकदीला आतले आटे हलले नाहीत. तेवढाच जोर पुन्हा लावून तो निघणार नाही. पकड आधी ढिली करावी लागेल, जोर त्यानंतर.

मग तीन गोष्टी टॉर्च लावून बघा. तुकडा वर किती आलाय? भोक आरपार आहे की बंद? आणि भोवती काय आहे, म्हणजे ऑइल सील, रबर, वायरिंग, पेट्रोलची नळी. भोक आरपार असेल तर तुकडा पुढच्या दिशेनेच फिरवून मागून बाहेर काढता येतो का, हेही तपासा. हा सोपा मार्ग लोकांना आठवतच नाही.

इथेच थांबायचं असेल तर

ब्रेक कॅलिपरचा बोल्ट, डिस्कचा बोल्ट, हँडल क्लँप, फोर्क क्लँप, इंजिन माउंटिंग यांपैकी काही तुटलं असेल तर पुढचे प्रयोग घरी करू नका. तो निघणार नाही असं नाही. पण काढताना आटे दुखावले आणि नंतर उतारावर ब्रेक धरताना सुटले, तर काय होईल ते सांगायला नको. सिलिंडरचे लांब स्टड (डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) आणि वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन यांनाही हाच नियम. घरी करायचे बोल्ट म्हणजे इंजिनाच्या बाजूची कव्हरं, बेंड पाइप, फूटरेस्ट, साडी गार्ड, मडगार्ड.

आणि एक फसवी जागा. यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. तो सरळ समजून 'सोडवत' आवळला की तुटतो. आरसा काढण्याआधी आट्यांची दिशा बघून घ्या.

पहिली पायरी: साफसफाई, तेल आणि एक रात्र

तारेच्या ब्रशने तुटलेलं तोंड आणि भोवतालची जागा चकाचक करा. मातीवर तेल मारलं तर ते माती पिते. गंज सोडवणारा स्प्रे मारा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मारा आणि रात्रभर सोडून द्या. डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं आणि चालतंही, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं. खास पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळणारं तेल या कामाला जास्त चांगलं. गाडी अशी टेकवा की भोकाचं तोंड वर येईल, नाहीतर तेल ओघळून जमिनीवर आणि बोल्ट तसाच कोरडा.

तेल मारल्यावर तुकड्याच्या तोंडावर पंच ठेवून छोट्या हातोडीने टकटक करा. जोरात नाही, पण बऱ्याच वेळा. भुकटीचा थर कडक आणि ठिसूळ असतो. टकटकीने त्याला बारीक चिरा पडतात आणि तेल त्या चिरांतून आत जातं. पैसे जवळपास लागत नाहीत, लागते ती फक्त सबुरी, आणि नेमकी तीच रविवारी दुपारी संपलेली असते. सोमवारी गाडी हवीच असेल तर रविवारी बोल्टला हात लावू नये, हे माझं ठाम मत.

दुसरी पायरी: बाहेरून पकडता येतो का

तुकडा ५ मिमी किंवा जास्त वर आला असेल तर व्हाइस ग्रिप, म्हणजे दाबल्यावर लॉक होणारी पकड, लावा. साधी पकड लावू नका, ती घसरते आणि टोक गोल करून ठेवते. व्हाइस ग्रिपचा स्क्रू इतका घट्ट करा की तोंड बंद करताना हाताला दुखलं पाहिजे. जमलं तर आधी कानशीने तुकड्याच्या दोन बाजू सपाट करून घ्या. सपाट बाजूवर दात बसतात, गोलावर सरकतात.

पहिलं वळण आवळायच्या दिशेने द्या, अगदी केसभर. मग सोडवायच्या दिशेने. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आणि मधे मधे तेल. एकाच दिशेने रेटलं की सुटलेली भुकटी पुढच्या आट्यात दाबली जाते आणि बोल्ट पुन्हा अडतो. अर्धा फेरा फिरून अडला तर पाव फेरा मागे न्या.

स्टड असेल आणि बाहेरचे आटे शाबूत असतील तर दोन नट लावा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून सोडवा. बेंड पाइपच्या स्टडला मी आधी हेच करतो.

तुकडा भोकाच्या तोंडाशीच असेल पण आवळताना तुटलेला असेल, तर टोकदार पंच तुकड्याच्या कडेला तिरका ठेवा आणि घड्याळाच्या उलट दिशेने हलके ठोके द्या. फिरला तर दाभणानेसुद्धा बाहेर येतो. सोडवताना तुटलेल्या तुकड्यावर यात वेळ घालवू नका, तोंड मात्र खराब होईल आणि पुढे ड्रिलला मध्य सापडणार नाही.

जरासं टोक वर असेल तर हॅकसॉने खाच पाडून मोठा स्क्रूड्रायव्हर लावतात. कव्हरच्या छोट्या बोल्टला जमतं. पण धरून बसलेल्या बोल्टवर खाचेच्या दोन्ही भिंती तुटतात, म्हणून त्याआधी उष्णता द्यावी.

तिसरी पायरी: उष्णता

घरच्या घरी सगळ्यात जास्त बोल्ट निघतात ते याच पायरीवर, आणि लोक नेमकी हीच गाळून थेट ड्रिलकडे जातात.

तापवायचं ते भोवतालचं ॲल्युमिनियम, बोल्ट नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. एम ६ च्या, म्हणजे ६ मिमी जाडीच्या बोल्टच्या, भोकाचा हिशोब केला तर तापमान १५० अंशांनी वाढल्यावर दोघांत जेमतेम एक शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण भुकटीची पकड मोडायला तेवढा पुरतो. वर तापून-निवून थर तडकतो तो फायदा वेगळा.

हॉट एअर गन असेल तर उत्तम, नसेल तर छोटा गॅस टॉर्च. ज्योत एका जागी धरू नका, गोल फिरवत राहा. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं, इंजिनातलं मिश्रधातूचं त्याहूनही आधी, आणि तोपर्यंत दिसायला जसंच्या तसं असतं. बोट ओलं करून पाण्याचा थेंब उडवा. तो चरचरून लगेच उडाला की पुरे. आता मेणबत्ती बोल्टच्या कडेला टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. जुने मिस्त्री हे करायचे आणि ते खरंच चालतं. त्यानंतर व्हाइस ग्रिप लावून तेच मागे-पुढे.

बेंड पाइपच्या बोल्टला तर इंजिन १० मिनिटं चालवूनही थोडी उष्णता मिळते, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

ज्योत पेटवण्याआधी टाकी काढून लांब ठेवा. कार्बोरेटर असेल तर त्याचं पेट्रोल काढा. काल मारलेला स्प्रे पेट घेतो, तो पुसून टाका. शेजारी वाळूची बादली हवी. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत अजिबात नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची रसायनं असतात आणि ती तापली की विषारी वायू होतो. भोवती ऑइल सील असेल तर तो मेलाच समजा, नवा आणूनच काम सुरू करा.

चौथी पायरी: वेल्डिंगवाल्याकडे, ड्रिलच्या आधी

हे वाचून काहींना वाटेल की क्रम चुकला, पण तो मुद्दाम असा आहे. तुकड्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड भरणं हा धरलेल्या बोल्टवरचा सगळ्यात खात्रीचा उपाय. वेल्डची उष्णता बोल्टच्या गाभ्यापर्यंत जाते, वर पाना लावायला नवं डोकं मिळतं, आणि लोखंडाचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही म्हणून आटे वाचतात. नट पहिल्यांदा निसटला तर दुसरा लावता येतो. उलट ड्रिल एकदा वाकडं गेलं की मागे फिरता येत नाही, आणि वाकडं भोक पाडून नेलेल्या तुकड्यावर वेल्डरलाही धड जागा उरत नाही. म्हणून जायचं तर आधी जा.

मिग वेल्डिंग (रॉडऐवजी बारीक तारेने होणारं) असलेला माणूस शोधा. ग्रील बनवणाऱ्याच्या जाड रॉडने एम ६ च्या तुकड्यावर नेमकं वेल्ड बसणं कठीण. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेवा आणि बीएस ६ च्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कनेक्टरसुद्धा. अर्थिंगचा चिमटा त्याच भागावर, बोल्टच्या जवळ लावायला सांगा. दूर चॅसीला लावला तर करंट बेअरिंगांतून वाट काढतो. वेल्डनंतर लाली उतरू द्या, मग पाना लावा.

पाचवी पायरी: ड्रिल

वेल्डर नाही किंवा तुकडा खोल आहे, तर ड्रिल. डोळ्यांवर चष्मा आधी.

सगळा खेळ मध्य सापडण्याचा आहे. एम ६ बोल्टचा आट्यांखालचा गाभा ५ मिमीपेक्षा किंचित कमी असतो. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी ड्रिल एका बाजूने ॲल्युमिनियमच्या आट्यांत घुसतं. वर ॲल्युमिनियम मऊ आणि बोल्ट कडक, त्यामुळे बिट सारखं मऊ बाजूला पळू बघतं. तुटलेलं तोंड आधी सपाट करा आणि मगच सेंटर पंच मारा. पंच चुकला तर तिरका ठोका देऊन खूण मध्यावर सरकवा.

कव्हरचा बोल्ट असेल तर एक युक्ती आहे. कव्हर उरलेल्या बोल्टांनी परत बसवा आणि तुटलेल्या बोल्टच्या भोकात बाहेरून घट्ट बसेल, आतून ३ मिमीचं भोक असेल असा बुश, म्हणजे नळीचा छोटा तुकडा, घाला. लेथवाला असा बुश चहा येईपर्यंत करून देतो. आता बिट मध्य सोडूच शकत नाही.

बिट ३ मिमीचं, कोबाल्टचं असेल तर चांगलं. उलट्या हाताचं बिट मिळालं तर तेच घ्या आणि ड्रिल रिव्हर्सला चालवा. बऱ्याचदा भोक पाडता पाडताच तुकडा बिटाला चिकटून बाहेर येतो. वेग कमी, दाब जास्त, आणि थेंब थेंब कटिंग ऑइल. बिट किंचाळायला लागलं म्हणजे ते कापत नाही, घासतंय, आणि घासलं की बोल्टचं तोंड आणखी कडक होतं. बिटावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. भोक बंद असेल तर तळ फोडून ऑइलच्या वाटेत जायचं नाही.

३ चं भोक नीट मध्यावर बसलं तर पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. पोकळ झालेला बोल्ट बऱ्याचदा आता हलतो. नाही हलला तर ४, मग ५ मिमी. मध्य बरोबर असेल तर ५ नंतर आट्यांची फक्त पातळ साल उरते, ती सुईने सोलून काढता येते. शेवटी एम ६ चा १ मिमी पिचचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आटे साफ करायचे, दर अर्ध्या फेऱ्याला पाव फेरा मागे घेत. भुगा हवेने उडवा आणि उघड्या क्रँककेसमध्ये चिंध्या आधीच कोंबून ठेवा.

ईझी आउटबद्दल

ईझी आउट म्हणजे तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटं फिरवत घालायचं हत्यार. दुकानात गेलात की आधी हेच हातात देतात. आवळताना तुटलेल्या, म्हणजे आत मोकळ्या असलेल्या तुकड्याला ते छान चालतं. धरलेल्या बोल्टला मी लावत नाही. ते निमुळतं असतं, जसजसं आत जातं तसं बोल्टची भिंत बाहेर दाबतं, म्हणजे बोल्ट भोकात आणखी घट्ट होतो. आणि एम ६ च्या बोल्टला लागणारं ईझी आउट इतकं बारीक असतं की आधी तेच तुटतं. ते बनलेलं असतं टणक पोलादाचं. त्यावर तुमचं ड्रिल नुसतं घसरेल. लावायचंच असेल तर टॅप हँडलने, दोन्ही हातांनी सारखा जोर देऊन. एका बाजूने पाना लावला की ते मोडलंच.

आता मात्र हात वर करा

ईझी आउट किंवा टॅप आत तुटला. बिट ॲल्युमिनियमच्या बाजूला शिरलं. भोकाच्या शेजारच्या भिंतीला चीर दिसतेय. हेडमधला तुकडा खोल आहे आणि शेजारून ऑइलची वाट जाते. यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा, 'अजून एकदा बघू' नको. आत तुटलेलं कडक हत्यार स्पार्क इरोजनने, म्हणजे ठिणग्यांनी जाळून काढतात. भोसरी, सातपूर, वाळूज, कोल्हापूरचं उद्यमनगर अशा ठिकाणी डाय-मोल्डची कामं करणारे हे करून देतात. शक्यतो सुटा भाग न्यायचा, सगळी गाडी नाही. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या. त्याला मोठं भोक आणि वेगळा टॅप लागतो, पण बोल्ट मूळ मापाचाच राहतो. ॲल्युमिनियममध्ये चांगलं बसवलेलं हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा दमदार असतं.

नवा बोल्ट बसवताना

तोच बोल्ट वारंवार तुटत असेल तर दोष बसवण्यात आहे. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात टोचून ठेवा. आखूड बोल्ट लांबच्या जागी गेला की दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो. ॲल्युमिनियममध्ये एम ६ निदान ९ मिमी तरी आत गेला पाहिजे.

एम ६ ला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. म्हणजे पान्यावर १० सेंमी अंतरावर साधारण १० किलोचा जोर. लांब टी-पान्याने तो कधी ओलांडला जातो ते हाताला कळतच नाही, आणि हवेवर चालणाऱ्या पान्याला, म्हणजे एअर गनला, तर मुळीच नाही. बेंड पाइपला आट्यांवर तांब्याचं अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, पण तेलकट आटे कमी जोरातच जास्त ताणले जातात म्हणून हात आणखी हलका ठेवा. स्टेनलेसचे बोल्ट दिसायला छान, गंजत नाहीत, पण ॲल्युमिनियमला ते जास्तच खातात. अँटी-सीझशिवाय घालायचे असतील तर साधे झिंकचेच बरे.

बेंड पाइपचे दोन्ही नट आलटून-पालटून आवळा, आणि पहिल्या लांब फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एकदा पाना लावून बघा. नवं पॅकिंग दबलं की ते थोडे ढिले होतात.